जुना कंपायलर सांभाळणारा सिद्धाराम

सिद्धाराम बिराजदार सोलापूरला बाळीवेशीत राहायचा. अकरावी झाल्यावर सहा वर्षं त्यानं एका चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागाचे पुठ्ठे टोचले. नक्षीचा चौकटीचा कागद समोर ठेवायचा, चौकटी मोजायच्या आणि पुठ्ठ्याला तेवढीच भोकं पाडायची. एक भोक चुकलं की चादरीतल्या मोराची मान वाकडी व्हायची आणि मागावरचे विणकर थेट सिद्धारामकडं यायचे. ते फार वेळा आले नाहीत.

त्र्याहत्तर साली एका मिलनं मुंबईच्या कंपनीकडून वापरलेला कॉम्प्युटर विकत घेतला. तो कार्डांवर चालायचा. कार्डांना भोकं पाडून माहिती भरायची आणि कार्डांचा गठ्ठा मशीनला खाऊ घालायचा. मिलमधल्या कुणीतरी साहेबांना सांगितलं, भोकांच्या कामाची सवय असलेला एक माणूस आहे. सिद्धारामला मुलाखतीला बोलावणं आलं.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आणखी एकजण बसला होता. हिंदुराव, जेऊरचा. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरला आलेला, मिलच्या गोदामात गाठी मोजणारा. मुलाखत लांबली तशी हिंदुरावनं फडक्यातली भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी न विचारता सिद्धारामच्या हातात दिली. "घ्या. हितं कवा बोलवत्याल काय नेम न्हाय." दोघांनाही घेतलं गेलं. त्या दिवसापासून ते एकमेकांना अरे-तुरे करायला लागले.

कॉम्प्युटरचं खातं एका थंड खोलीत होतं. मे महिन्यात आख्खं सोलापूर भाजत असताना त्या खोलीत अंगावर शहारे यायचे. खात्याचे प्रमुख विरुपाक्ष हिरेमठ साहेब. त्यांनी हिंदुरावला मशीन चालवायला आणि छोटे प्रोग्राम लिहायला बसवलं आणि सिद्धारामच्या हाती कपाट दिलं.

कपाट म्हणजे काय ते सांगायला हवं. खात्यात प्रोग्राम कोबॉल नावाच्या भाषेत लिहीत. मशीनला ती भाषा कळत नाही. ते लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा एक वेगळा प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. मिलचा कंपायलर एका टेपवर होता. ती टेप, तिची जपून ठेवलेली दुसरी प्रत आणि मिलच्या एकशे चाळीस प्रोग्रामांचे कार्डांचे गठ्ठे, सगळं त्या लोखंडी कपाटात. सिद्धारामनं प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर शाईनं तिरकी रेघ मारली. एखादं कार्ड मागंपुढं झालं की रेघ मोडायची आणि लांबूनच दिसायचं. एक नोंदवही केली. कोणता गठ्ठा कुणी, कधी नेला, कधी आणला. साहेबांनीसुद्धा सही केल्याशिवाय त्यानं कधी गठ्ठा दिला नाही. पंचिंग रूममध्ये कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुली त्याला कपाटवाला म्हणायच्या. त्याला ते आवडायचं.

दोन वर्षं अशी बरी गेली. हिंदुराव रविवारी बाळीवेशीत जेवायला यायचा. सिद्धारामची बायको महादेवी त्याला शेंगाची चटणी बांधून द्यायची.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपली आणि खात्यात बातमी आली. कंपायलरचं नवं व्हर्जन येणार. त्याच्यात प्रोग्राम चौपट वेगानं चालतात. पण भाषेचे काही नियमही बदललेत, म्हणून जुने प्रोग्राम त्यावर जसेच्या तसे चालतील असं नाही. ते शिकायला एका माणसानं तीन महिने मुंबईला जायचं.

सिद्धारामला शंकाच नव्हती. निवड करायला साहेबांनी दोघांना एकच लेखी परीक्षा दिली होती आणि त्यात त्याला हिंदुरावपेक्षा सात गुण जास्त होते. त्यानं महादेवीला सांगून टाकलं. तिनं शेजारच्या बाईकडून पत्र्याची ट्रंक मागून आणली, आतून पुसून वर्तमानपत्र अंथरलं.

साहेबांनी दोघांना बोलावलं.

"हिंदुराव, तू जायचंस. सोमवारची गाडी धर."

सिद्धाराम म्हणाला, "साहेब, परीक्षेत..."

"माहीत आहे मला. पण तू गेलास तर इथं कोणता गठ्ठा कुठं आहे ते कोण सांगणार? तू इथं नसलास तर खातं बंद पडेल. हिंदुराव नसला तर चालतं."

हे कौतुक होतं. साहेबांनी ते कौतुक म्हणूनच केलं. सिद्धारामनं मान हलवली आणि बाहेर येऊन कपाट उघडून उभा राहिला. काही काढायचं नव्हतं, काही ठेवायचं नव्हतं. हिंदुराव मागून आला आणि म्हणाला, "मी म्हनलो हुतो साहेबाला, सिद्धारामला पाठवा म्हनून." सिद्धाराम म्हणाला, "कुठं काय म्हणालो मी?"

ती ट्रंक हिंदुरावनंच नेली. महादेवीनंच ती देऊ केली. "रिकामी पडलीच आहे, भावजींना होईल," असं ती म्हणाली तेव्हा सिद्धारामला बायकोचा राग आला आणि रागाचं कारण सांगता येईना.

तीन महिन्यांत हिंदुरावची पाच पत्रं आली. समुद्राचं वर्णन, मिलच्या मशीनच्या तिप्पट मोठं मशीन, शिकवणारे साहेब इंग्रजीत बोलतात आणि आपण मराठीत लिहून घेतो ते. एका पत्रात लिहिलं होतं, ‘तू असतास तर सगळ्यांत पहिला आला असतास.’ सिद्धारामनं ती ओळ चार वेळा वाचली. पहिल्यांदा बरं वाटलं. मग वाटलं, हा आपल्याला चुचकारतोय. मग वाटलं, पहिला कोण आलाय ते यानं मुद्दामच लिहिलेलं नाही. चौथ्यांदा वाचून त्यानं पत्र घडी करून ठेवून दिलं. पाच पत्रांना त्यानं एक उत्तर लिहिलं, तेही तीन ओळींचं.

एप्रिलच्या शेवटी हिंदुराव परतला. अंगात नवा बुशशर्ट, केस मागं वळवलेले. महादेवीला स्टीलचा डबा आणि सिद्धारामला शाईचं पेन आणलं होतं. जेवताना तो म्हणाला, "मुंबईत सगळं वेळेवर आहे. इथल्यासारखं नाही." सिद्धारामचा घास हातातच राहिला. हिंदुराव ‘आहे’ म्हणाला होता. ‘नाही’ म्हणाला होता. तीन महिन्यांपूर्वी हा माणूस ‘हाय’ आणि ‘न्हाय’ म्हणत गेला होता.

तो गेल्यावर महादेवी म्हणाली, "भावजी किती सुधारले."

"तीन महिने मुंबईचं पाणी प्यायल्यावर दगडसुद्धा सुधारेल."

पेन त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि जुन्याच टाकानं लिहीत राहिला.

खात्यात हिंदुरावला काचेचं टेबल मिळालं, साहेबांच्या केबिनजवळ. साहेब कुणाशीही बोलताना म्हणायचे, "आमचा हिंदुराव मुंबईला शिकून आलाय." पंचिंग रूममधल्या मुली आता शंका विचारायला त्याच्याकडं जायच्या. एकदा एका मुलीनं सिद्धारामला काही विचारलं आणि तो सांगायला लागला तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे, नव्या व्हर्जनमध्ये कसं असतं ते हिंदुरावभाऊंनाच विचारते." सिद्धारामच्या ते महिनाभर कानात राहिलं.

आता कपाटात दोन कंपायलर झाले. जुने प्रोग्राम जुन्यावर चालायचे, हिंदुरावनं बदलून घेतलेले नव्यावर. एकाचा गठ्ठा दुसऱ्या टेपवर चढवला की मशीन चुकांचे कागदच्या कागद छापून टाकायचं. सिद्धारामनं तीही घडी बसवली. जुन्या व्हर्जनच्या गठ्ठ्यांवर लाल रेघ, नव्याच्या गठ्ठ्यांवर हिरवी. दोन फळ्या वेगळ्या, दोन नोंदवह्या वेगळ्या, आणि एक टेप परत आल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. हेवा पोटात होता, पण कामात कसूर त्याला जमतच नव्हती. फक्त हिंदुराव टेप मागायला आला की तो आधी खुर्ची पुसायचा, मग वही काढायचा, मग टाक शाईत बुडवायचा. हिंदुराव उभा राहायचा.

जुलैत हिंदुराव म्हणाला, "दिवाळीपर्यंत सगळे प्रोग्राम नव्या व्हर्जनवर घेतो. मग जुनी टेप पुसून टाकता येईल. दोन-दोन सांभाळायचा तुझा ताप वाचेल."

"मग कपाटाचं काय?"

"एका फळीत मावेल की सगळं," हिंदुराव हसत म्हणाला.

त्याच्या मनात काही नव्हतं. सिद्धारामला मात्र त्या दिवसापासून आपल्या आयुष्याची एक फळी झालेली दिसायला लागली.

ऑगस्टच्या अखेरीस बदली कामगारांच्या यादीची पाळी आली. मिलमध्ये कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली कामगार घेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलीवाल्यांची यादी निघायची, टोकन नंबरानं, सगळ्यांत जुना माणूस सगळ्यांत वर. सकाळचा भोंगा झाला की गेटवर त्या यादीप्रमाणं कामाला घ्यायचे. यादीत नाव नाही, तर परत घरी. कायम करायची वेळ आली की त्याच यादीच्या वरून माणसं उचलायची.

हिंदुरावनं प्रोग्राम नव्या व्हर्जनसाठी बदलला आणि कपाटाशी आला.

"सिद्धाराम, या कार्डांत काही वेडंवाकडं आहे का रे? तू पहिल्यापासून बघितलीयस ही."

होतं. टोकन नंबरासाठी कार्डावर चार घरं होती. नव्या माणसांचे नंबर चार आकडी. जुन्या माणसांचे तीन आकडी. त्र्याहत्तर साली पंचिंगच्या मुलींनी विचारलं होतं, पहिल्या घरात शून्य मारायचं का? सिद्धारामनंच सांगितलं होतं, राहू दे रिकामं, तुमचा एक ठोका वाचेल. जुना कंपायलर रिकाम्या घराला शून्यच समजायचा. नवा तसं समजत नव्हता. ज्या घरात आकडा हवा तिथं रिकामं दिसलं की तो आख्खं कार्ड बाद करायचा. नव्या व्हर्जनचं इंग्रजी पुस्तक कपाटातच होतं. शब्दकोश घेऊन सिद्धारामनं ते दुपारच्या सुट्टीत दोनदा वाचून काढलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"कार्डं ठीक आहेत," सिद्धाराम म्हणाला.

"मग तपासून बघायला शंभर दे."

दोन ट्रे होते. पुढच्यात जुनी माणसं, मागच्यात नवी. सिद्धारामचा हात मागच्या ट्रेकडं गेला. शंभर कार्डं मोजून त्यानं दिली, वहीत सही घेतली. शंभरच्या शंभर नावं बिनचूक छापून आली.

एक सप्टेंबरला खरी यादी निघाली. पूर्वी चाळीस मिनिटं लागायची, आता अकरा. हिरेमठ साहेब घड्याळ हातात घेऊन उभे होते. गरम कागद हातात पडताच त्यांनी हिंदुरावच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं ती दाखवायला मॅनेजरकडं गेले. यादीच्या मागून एक वेगळं पान निघालं. बाद झालेली कार्डं. असली पानं फायलीला लावायचं काम सिद्धारामचं. त्यानं पान फाडून घेतलं. त्रेसष्ट नावं होती. चौथं नाव हुसेनसाब, टोकन चारशे सतरा.

हुसेनसाबला तो ओळखत होता. चादरीच्या कारखान्यात हुसेनसाबच्याच मागाचे पुठ्ठे तो टोचायचा. पुढं कारखाना सोडून हुसेनसाब मिलमध्ये बदलीवर लागला, त्याला सहा वर्षं होत आली होती.

थोड्या वेळानं हिंदुराव परतला, चेहरा फुललेला. "बाद किती निघाली रे?"

"नेहमीची. दोन-चार."

खराब झालेली दोन-चार कार्डं दर महिन्याला निघतच. हिंदुराव टेबलाशी जाऊन बसला. सिद्धारामनं पानाला भोकं पाडली, वर तारीख घातली, सही केली आणि फायलीत लावलं. ते फाडून टाकावं असं त्याच्या मनातही आलं नाही. कागद जिथला तिथं लावायचा एवढंच त्याच्या हाताला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला त्रेसष्ट माणसं गेटवरून परत गेली. गेटवाला सांगायचा, "कॉम्प्युटरनं काढलंय, मी काय करू?" आणीबाणी लागून दोन महिने झाले होते. गेटवर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. माणसं तिसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशी आली, परत गेली.

सिद्धाराम रोज वाट बघायचा की आता कुणीतरी साहेबांकडं तक्रार घेऊन येईल आणि त्या काचेच्या टेबलाला तडा जाईल. कुणी येत नव्हतं. हिंदुराव खुशीत होता, पुढचा प्रोग्राम बदलायला घेतला होता.

रविवारी सकाळी हुसेनसाब बाळीवेशीत आला. धुतलेला सदरा, हातात टोकनचा पितळी बिल्ला. ओसरीवर बसला. महादेवीनं चहा दिला.

"सिद्धारामभाऊ, यादीत माजं नाव न्हाई. आठवडा झाला. तुमी त्या मशीनपाशी असता म्हणून आलो."

"यादी हिंदुराव करतो आता. त्याला विचारा."

"त्याला मी वळखत न्हाई. तुमाला वळखतो." हुसेनसाबनं बिल्ला पालथा केला, सुलटा केला. "सहा वर्षांत एक दिस उशिरा गेलो न्हाई. मशीनला माजं काय वाईट दिसलं, तेवढं तरी सांगा. म्हणजे सुधारीन."

सिद्धारामनं कपबशी खाली ठेवली. "बघतो," एवढंच म्हणाला. हुसेनसाब गेला. महादेवी कपबशा उचलायला आली.

"तुम्हाला माहीत आहे ना, काय झालंय ते?"

"मला काय माहीत असणार?"

"चहा तसाच आहे तुमचा," ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी तो साहेबांकडं जायचं ठरवूनच निघाला होता. खात्यात पोचला तर हिंदुराव सगळ्यांना काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. मुंबईची गोष्ट होती. सिद्धाराम कपाटाशी जाऊन बसला. म्हटलं, उद्या.

मंगळवारी मिलनं सहा बदलीवाल्यांना कायम केलं. यादीच्या वरून सहा. सहाही चार आकडी नंबरांचे, दीड-दोन वर्षांपूर्वी लागलेले. मग मात्र जुनी माणसं एकत्र झाली. आवाज न करता, रांगेनं कामगार अधिकाऱ्याच्या दारात जाऊन बसली. कामगार अधिकारी जुनी यादी आणि नवी यादी घेऊन हिरेमठ साहेबांकडं आले.

साहेबांनी हिंदुरावला सगळ्यांसमोर उभं केलं.

"त्रेसष्ट माणसं कुठं गेली?"

"साहेब, मी तपासून..."

"काय तपासलंस? तीन महिने मुंबईत काय समुद्र बघत बसला होतास? गोदामात गाठी मोजत होतास तेच बरं होतं."

हिंदुरावचा चेहरा पडला. मुली खाली मान घालून बसल्या. या क्षणाची सिद्धारामनं आठ महिने वाट पाहिली होती. तो आला तेव्हा खरोखर गोड लागला. खोटं कशाला सांगा, पोटात गार पाणी गेल्यासारखं झालं त्याला.

साहेब वळले. "सिद्धाराम, जुना कंपायलर आहे ना?"

"आहे."

"लाव. जुना गठ्ठा आहे?"

"लाल रेघेचा. दुसरी फळी."

त्यानं टेप चढवली, गठ्ठा दिला आणि दोन्ही ट्रे मशीनपाशी आणले. चाळीस मिनिटांत तीनशे पंच्याहत्तर नावांची यादी बाहेर आली, चौथ्या नंबरला हुसेनसाब. साहेब म्हणाले, "या माणसानं आज खात्याची लाज राखली. दिवाळीत जुनी टेप पुसायला निघाला होतात तुम्ही." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्यापासून ते काचेचं टेबल सिद्धारामचं."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिद्धारामला हवं होतं ते सगळं एका तासात मिळालं.

दुपारच्या सुट्टीत तो डबा खाऊन परत आला तर हिंदुराव कपाटापुढं खाली बसला होता. आपली चूक कुठं झाली ते शोधायला त्यानं फाइल काढली होती. मांडीवर ते पान होतं. त्रेसष्ट नावं, वर तारीख, खाली सिद्धारामची सही.

सिद्धारामनं डबा फळीवर ठेवला. मग हिंदुराव म्हणाला, "एक तारीख हाय हिच्यावर."

"हो."

"म्या इचारलं हुतं तुला. दोन-चार म्हनलास."

"हो."

हिंदुरावनं पान परत फायलीत लावलं, फाइल फळीवर ठेवली आणि आपल्या वस्तू टेबलावरून आवरायला गेला. त्यानं ते पान साहेबांकडं नेलं असतं तर सिद्धारामला सोपं गेलं असतं. वाद घालता आला असता, नाकारता आलं असतं. तो नेत नाही म्हटल्यावर नाकारायचं तरी कुणापाशी?

पंधरा मिनिटं सिद्धाराम तिथंच उभा होता. मग पान घेऊन तोच केबिनमध्ये गेला.

"साहेब, नमुन्याची कार्डं मी मुद्दाम मागच्या ट्रेमधली दिली. हे पान पहिल्या तारखेपासून माझ्याकडं आहे. रिकाम्या घराचं मला आधीपासून माहीत होतं."

साहेबांनी पान वाचलं. मग ते टेबलावर ठेवलं.

"का केलंस?"

"तुम्ही मला मुंबईला पाठवलं नाहीत."

"तू इथं हवा होतास म्हणून नाही पाठवलं. सांगितलं होतं तुला."

"तेच," सिद्धाराम म्हणाला.

त्याला पंधरा दिवस कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. काचेचं टेबल हिंदुरावकडंच राहिलं आणि कपाटाची किल्लीही साहेबांनी त्याच्याकडं दिली. सहाजणांना कायम केल्याची पत्रं वाटून झाली होती, ती परत घ्यायला मॅनेजर तयार झाले नाहीत. त्रेसष्ट माणसं दुसऱ्या दिवसापासून यादीत आली, पण कायम व्हायला हुसेनसाबला पुढं आणखी दीड वर्ष लागलं.

सिद्धाराम त्याच्या घरी गेला होता. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. मशीनला काही वाईट दिसलं नव्हतं, मीच सांगायचं ते सांगितलं नाही, असं म्हणाला. हुसेनसाबनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला आणि दार लावून घेतलं. कायम होईपर्यंत गेटवर भेटला तरी तो सिद्धारामकडं बघायचा नाही. कायम झाल्यावर बघायला लागला, बोलला मात्र कधीच नाही. सिद्धारामनंही त्याच्याकडून तशी अपेक्षा केली नाही.

पंधरा दिवसांनी तो कामावर गेला. वाटलं होतं, कपाटाची दैना झाली असेल. गठ्ठे सरमिसळ, नोंदी राहिलेल्या. त्यानं वह्या उघडल्या. एकूणएक नोंद हिंदुरावच्या अक्षरात भरलेली. टेपा जागच्या जागी. तिरकी रेघ कुठंही मोडलेली नव्हती. तेवढ्यातही त्याच्या मनात पुन्हा कळ उठली. याला माझ्यावाचून जमलं. आपण अजून तसेच आहोत हे त्याला त्या क्षणी समजलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्यानं हिंदुरावला सांगितलं, "मला तुझा हेवा वाटतो. आत्ताही वाटला."

हिंदुरावनं वर बघितलं. "वाटू दे. पण कार्डात काय हाय ते सांगत जा."

"सांगेन."

पुढची तीन वर्षं दोघांनी मिळून ते काम केलं. कोणताही प्रोग्राम नव्या व्हर्जनवर न्यायचा तर आधी तीच कार्डं दोन्ही कंपायलरवर चालवायची, दोन्ही छापे टेबलावर शेजारी पसरायचे आणि एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. ओळ न ओळ जुळली, तरच लाल रेघ खोडून हिरवी मारायची. काही प्रोग्राम कधीच जुळले नाहीत, ते जुन्यावरच राहिले. जुनी टेप पुसायची नाही हे हिंदुरावनंच साहेबांना पटवलं. बोलणं पूर्वीसारखं नव्हतं. रविवारी तो जेवायला यायचा बंद झाला तो झालाच. सणावाराला महादेवी डबा पाठवायची, तो धुऊन परत यायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये हिंदुरावला मुंबईच्या एका कंपनीत जागा मिळाली. तिथं तीन मशीनं होती, आणि प्रत्येकावर वेगळं व्हर्जन. सिद्धारामनं त्याला आपल्या नोंदवहीची आख्खी नक्कल हातानं लिहून दिली, रेघांच्या खुणांसकट. त्याला आठ दिवस लागले. स्टेशनवर तो आणि महादेवी दोघं गेले. हिंदुराव डब्यात चढला, खिडकीतून वही दाखवली आणि गाडी हलली.

टांग्यातून परत येताना महादेवीनं विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं."

टांगा नव्या पेठेच्या वळणावर आला तेव्हा तो पुन्हा बोलला. "आणि तीन मशीनं आहेत म्हणे त्याच्याकडं."

महादेवी हसली नाही. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "घरी भाजी नाही. इथंच उतरू."